राणीपदर

कमळाच्या मानेवर डाव्या अंगाला भाजल्याचा डाग होता. लहानपणी माहेरी पेजेचा गंज कलंडून अंगावर आला, त्याची ती खूण. कोणाची नजर तिथं जाऊ नये म्हणून लग्नाआधीपासूनच ती पदर खांद्यावरून सरळ मागं टाकत नसे. मानेला एक सैल वळसा द्यायची, पदर पुढं घ्यायची आणि त्याचं टोक कमरेला खोचायची. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलं तरी तो पदर ढळत नसे. सासरी आल्यावर बायांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहायचं सोडून दिलं. ज्याचं त्याचं लुगडं.

पाहायचं सोडलं नाही ते एकानंच, तिच्या नवऱ्यानं.

मुखरूची वैनगंगेच्या काठाला पाच एकर धानाची बांधी होती. पण पंचक्रोशी त्याला ओळखत होती ती दंडारीच्या खेळामुळं. धान घरात आलं, दिवाळी सरली, मंडयांच्या जत्रा भरू लागल्या की गावोगाव दंडार उभी राही आणि मुखरू मिशी उतरवून बाईचं सोंग घेई. अंगानं सडसडीत, आवाज पातळ. पंधराव्या वर्षापासून तो हेच करत आला होता. मात्र त्याच्या बाया तेव्हा सगळ्या एकसारख्या असत. कंबर हलवायची, डोळा मोडायचा, गड्यांनी शिट्ट्या मारायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं.

पहिल्या निवडणुकीच्या साली गावच्या शाळेवर गुणवंतराव नावाचे मास्तर आले. त्यांच्या ट्रंकेत पणजोबांच्या हातची एक जुनी ओवीबद्ध पोथी होती. राज्य गेलेली एक राणी लेकराला घेऊन रानात फिरते, रानातच तिचं लेकरू दगावतं, अशी कथा. मास्तरांनी ती चावडीवर दुपारच्या दुपारी वाचून दाखवली आणि तिचाच खेळ बांधायचं ठरवलं. राणी मुखरू होणार, हे सांगायला नकोच होतं.

कमळा लेकीला, इतवारीला, मांडीवर घेऊन पोथी ऐकायला जायची. इतवारी तेव्हा वर्षाची होती. राणीचं लुगडं कसं, चोळी कशी, केसांत काय माळलं, पायांत काय वाजलं, याचं वर्णन दोन दुपारी पुरलं. लेकरू गेलं तिथं मात्र मास्तरांनी एक ओळ वाचली, राणीनं फार शोक केला म्हणून, आणि पान उलटलं.

"एवढंच?" कमळानं रंभेला हळूच विचारलं. रंभा तिची शेजारीण.

"मंग किती पाह्यजे तुले?"

"नाई, लिवणाऱ्यानं लुगडंच पाह्यलं म्हणते मी. बाई नाई पाह्यली."

हे बोलणं रंभेनं मुखरूच्या कानावर घातलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी कमळा विहिरीवरून घागर घेऊन आली तर हा दारात उभा.

"कमळे, जरा पुन्हा चालून दाखव ना."

"काऊन? पाय मोडला का माहा?"

"चाल ना. राणी डोक्यावर काईच नसतानाबी अशीच चालन. घागर असल्यासारखी."

कमळा लाजली, पण चालली. मग ते रोजचंच झालं. अंगणात ती पुढं आणि तो तिच्या पावलावर पाऊल टाकत मागं. ती बसली कशी, उठताना हात कुठं टेकला, लेकराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कशी घेतली, सगळं तो विचारायचा. पदर तिनंच त्याच्या अंगावर घालून दिला. "इकडून नाई, इकडून. मानेवर ढिला ठेवा. आवळला का बुजगावणं दिसते." इतवारी टाळ्या पिटायची. आपल्या चालण्या-बसण्यात कोणी शिकावं असं काही आहे, हे कमळाला पहिल्यांदा कळलं. लग्नात लोकांनी तिची मान पाहिली होती. हा माणूस तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहत होता. तिला ते फार गोड वाटे.

खेळ पहिल्याच हंगामात गाजला. राणी आली की शिट्ट्या बंद. बाया पुढं सरकून बसत. संक्रांतीपर्यंत आजूबाजूच्या गावांत पोरींनी मानेवरून वळसा घेऊन पदर खोचायला सुरुवात केली. त्याला नावही पडलं, राणीपदर. बिरजू नावाचा कापडवाला होता, त्याच्या डोक्यात तर वेगळंच आलं. चिमूरच्या घोडायात्रेत त्यानं दुकानापुढं लाकडी पाट मांडला आणि त्यावर मुखरूला नवं लुगडं नेसवून उभं केलं. तासाला एक लुगडं. मुखरू चार पावलं पुढं जाई, वळे, मान किंचित कलती करी, पदराचं टोक कमरेला खोचे. बायांची झुंबड उडाली. गर्दीत कमळाही होती. बिरजूनं तिला ओळखलं नाही. म्हणाला, "बाई, पाहून घ्या, शिकून घ्या. अशी ठेवण साऱ्या चांदा जिल्ह्यात दुसरी नाई."

परतताना बैलगाडीत नवराबायको पोट दुखेपर्यंत हसले.

"सांगाचं ना त्याले," मुखरू म्हणाला, "का हे सारं माहं हाय म्हणून."

"राहू द्या. मले काय पाटावर उभं राहाचं हाय?"

असे तीन हंगाम गेले. चौथ्या वर्षी भादव्यात इतवारीला ताप भरला. चार वर्षांची झाली होती पोर. पहिल्या दिवशी खेळत होती, दुसऱ्या दिवशी डोळे उघडेना. आरमोरीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण नाल्याला पूर. मुखरू दोनदा पाण्यात उतरला, दोन्ही वेळा लोकांनी मागं ओढला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेली.

लहान लेकराला पुरतात. बाया घरीच राहतात, बाप लेकराला हातावर घेऊन जातो. माणसं जमली, दारात उभी राहिली. कमळा रडली नाही. तिनं इतवारीचं तोंड पुसलं, केस विंचरले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की पोरीच्या एकाच पायात वाळा आहे. कमळाच्या आईनं घातलेले चांदीचे वाळे. तापात पाय झाडताना एक कुठंतरी निसटला होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "सापडते. इथीच असन."

ती गुडघ्यांवर आली. बाजेखाली हात फिरवला. कोठीमागं, चुलीजवळ, तनसाच्या ढिगात. पदराचं टोक कमरेतून सुटलं होतं, ते तिनं दातांत धरलं. कोणी काही बोललं की मान न वळवता एक हात मागं करून थांबवी. "एका पायानं कशी धाडू जी लेकीले? थांबा ना. सापडते." घरभर ती रांगत होती. माणसं खाली माना घालून उभी होती. मुखरू दाराशी, चौकटीला पाठ लावून उभा होता, आणि तिच्याकडं पाहत होता.

शेवटी रंभेनं तिला काखेत हात घालून उठवलं. वाळा सापडला नाही. पोर तशीच गेली.

त्या दिवाळीत मुखरू दंडारीला जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मास्तर येऊन बसले, मंडळी येऊन बसली, आणि कमळाच म्हणाली, "जाऊ द्या त्यायले. घरात बसून काय करतीन?" तो घरात बोलत नव्हता. जेवायचा, बैलांना तनस टाकायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदाही रडला नव्हता. बाहेर गेला तर मोकळा होईल, एवढंच तिच्या मनात होतं. खेळ पाहायला मात्र ती गेली नाही.

माघात मालगुजारांकडून निरोप आला. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, तरी लोक त्यांना मालगुजारच म्हणत. त्यांच्या घरच्या बाया रात्रीच्या खेळाला बाहेर पडत नसत. राणीचा फार बोलबाला ऐकला म्हणून त्यांनी आपल्या अंगणात दुपारचा खेळ मागवला होता, फक्त बायांसाठी. गावातल्या साऱ्या बाया निघाल्या. रंभा कमळाला ओढूनच घेऊन गेली.

ऊन चांगलं पडलं होतं. राणी आली, नेहमीची चाल चालली. कमळाला बरं वाटलं. किती महिन्यांनी ती स्वतःला अशी सरळ चालताना पाहत होती. मग रान आलं, लेकरू आजारी पडलं, गेलं. रानातली माणसं लेकरू न्यायला आली.

राणी रडली नाही. तिनं लेकराच्या पायाकडं पाहिलं.

"थांबा जरा," राणी म्हणाली. "सापडते."

आणि गुडघ्यांवर आली.

कमळाला आधी कळलंच नाही. मग राणीनं पदराचं टोक दातांत धरलं. मान न वळवता एक हात मागं केला. साऱ्या अंगणभर ती रांगत होती, बायांच्या पायांशी, तुळशीच्या ओट्यामागं, आणि तोच आवाज, तेच शब्द. बाया हमसून रडू लागल्या. मालगुजारीणबाईंनी तोंडाला पदर लावला. रंभाही रडत होती. रडता रडता तिला काही आठवलं आणि तिनं घाबरून शेजारी पाहिलं. कमळाची जागा रिकामी होती.

मुखरू घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याच्या काखेत मालगुजारीणबाईंनी दिलेलं कोशाचं रेशमी लुगडं होतं. चेहऱ्यावरचा रंग पुरता धुतला नव्हता. कमळा ओट्यावर बसली होती.

"तू आल्ती?" त्यानं विचारलं.

"किती गावात केलं हे?"

"दिवाळीपासून. आठ-धा गावात."

"लोकं रडतेत?"

"रडतेत."

"कोणासाठी रडतेत? राणीच्या लेकरासाठी. माही इतवारी कोणाले ठाऊक हाय?"

मुखरू खाली बसला. लुगडं मांडीवर होतं, ते कुठं ठेवावं त्याला सुचेना. "कमळे, मले घरी रडणं येतच नाई. लय पाह्यलं करून. तिथी तुह्यासारखा पदर घेतला, तुह्यासारखा खाली वाकलो, का येते. मंग वाटते का मीबी तिले धाडलं."

हे खरं होतं, कमळाला ते कळलंही. पण तिला एकच विचारायचं होतं. दुपारपासून ती तेच घोकत होती.

"त्या दिशी तुमी दारात उभे होते. मले पाह्यत होते का शिकत होते?"

त्यानं तोंड उघडलं. पाहत होतो म्हणाला असता तर तिनं मानलं असतं, खोटं असलं तरी मानलं असतं. पण मुखरू घरात खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"मले ठाऊक नाई," तो म्हणाला.

पुढच्या गावाला त्यानं ते टाळलं. लेकरू गेल्यावर राणी नुसती कपाळाला हात लावून रडली. लोकांनी ओरडा केला. "वाळा शोध! राणी, वाळा शोध!" तो उभा राहिला, उभा राहिला, आणि मग खाली वाकला. घरी येऊन त्यानं हे स्वतःच सांगितलं. कमळानं ताट वाढलं आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिनं त्याच्यासमोर काहीच केलं नाही. म्हणजे स्वयंपाक केला, धान कांडलं, त्याच्या दुखण्यात रात्री जागून काढल्या. पण उचलून नेण्याजोगं काही ठेवलं नाही. चालताना पावलं ओढू लागली. पदर सरळ मागं टाकू लागली. मान उघडी पडली तर पडू दिली. वडील वारले तेव्हा निरोप ऐकून मान हलवली आणि गवत आणायला म्हणून बांधीकडं गेली. रडली ती धुऱ्याच्या बांधाआड, एकटी. बाजारात पोरी राणीपदर घेऊन, घागर नसलेलं डोकं तोलत तिच्यापुढून जायच्या. आपली चाल दुसऱ्यांच्या पायांत पाहून सुरुवातीला तिच्या काळजात कळ येई. मग तीही येईनाशी झाली. दुसरं लेकरू झालं नाही.

पाचेक वर्षांनी नागपूरकडून एक खरीच बाई नाटकात काम करायला आली. मंडळीनं तिला ठेवून घेतलं. लोकांना आता बाईच हवी होती. मुखरूनं तिला राणी शिकवली, दोन हंगाम मागं बसून पेटी वाजवली आणि मग जायचं सोडलं. मिशी वाढवली. कोणी विचारलं तर म्हणे, आवाज बसला.

चैत्रातली दुपार होती. कमळा पडवीत सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मुखरू अंगणात निंबाच्या सावलीत बांबूची फाटकी डाली विणत होता. विणता विणता त्याचे हात थांबले. कमळाला वाटलं, कमची बोटात रुतली. मग तिनं पाहिलं, त्याचे खांदे हलत होते. तोंडातून आवाज येत होता, पण तो राणीचा नव्हता, कोणत्याच बाईचा नव्हता. घोगरा, तुटका, खोकल्यासारखा. त्याचा स्वतःचा. त्याला रडायला दुसरी जागा आता उरली नव्हती.

ती सूप ठेवून उठली. दोन पावलं गेली आणि थबकली. काय करावं तिला उमजेना. त्याचा खालचा ओठ कसा एका बाजूला ओढला जातो, डाव्या हाताची मूठ कशी गुडघ्यावर आपटत राहते, हे तिला दिसत होतं, आणि आपण पाहत आहोत हेही तिच्या ध्यानात आलं.

कमळानं तोंड फिरवलं. परत पडवीत गेली, त्याच्याकडं पाठ करून बसली आणि सूप मांडीवर घेतलं. तो रडत होता तोवर तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.