तिसरी बाटली

कुणीही नवीन माणूस प्रयोगशाळेत आला की काका खिशातून भाताच्या पेंढ्याची एक काडी काढत, तळहातावर उभी धरत आणि विचारत, “हिला उबी कोन ठेवतो?”

एमएस्सी झालेली मुलं मूळ, पाणी, काय काय सांगत. ते मान हलवत. “लिग्निन. ज्यानं उबी केली त्यालाच आपन बॉयलरमदी घालतो.” मग काडी परत खिशात.

आमची कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्याला. पेंढा मोठ्या बंद भांड्यात दाबाखाली शिजवायचा, त्यातून साखर काढायची, साखरेपासून रसायनं करायची, हे आमचं काम. मागे उरे तो काळा लगदा म्हणजे लिग्निन, झाडाच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारा पदार्थ. आज खनिज तेलापासून बनणारी राळ, सुगंधी द्रव्यं त्यातूनही मिळू शकतात, हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. पण आमच्या भांड्यातून तो असा गोळा होऊन निघे की काही केल्या फुटत नसे. म्हणून जाळायचा.

काका त्या भांड्याचे ऑपरेटर. जवळच्याच तळवली गावचे, कंत्राटावरचे. आमच्या पार्किंगच्या जागी त्यांनी लहानपणी भात लावला होता. माझी गाडी वाकडी दिसली की म्हणत, “सायेब, आमच्या बांधावर चाक आलंय तुमचं.”

लगद्याचा वास घेऊन एकदा म्हणाले, “तुमीच करपवता नि मंग काला झाला म्हनता. आच कमी ठेवा.”

“काका, हे सायन्स आहे. भात नाही.”

“भातच हाय. पेंडा कशाचा मंग?”

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भांडं तापत असताना दर दहा मिनिटांनी थोडा रस काढून बाटलीत भरू लागले. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: तापमान, वेळ. खिडकीत रांग लागली, पहिली मधासारखी, शेवटची डांबरासारखी. ऑडिटच्या वेळी मी त्या बाटल्या फेकायला लावल्या. त्यांनी फेकल्या, आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

पुढे लिग्निन फोडायच्या प्रयोगांचं काम बंद करायचं ठरत होतं. शेवटचा उपाय म्हणून मी त्यांची तिसरी बाटली तपासली. त्यातलं लिग्निन अजून मोकळं होतं. ते फुटलं, आणि हवी ती रसायनं मिळाली. काम वाचलं.

अहवाल मी लिहिला. आकडे त्यांच्या चिठ्ठ्यांवरचे, नावं आम्हा चौघा संशोधकांची. कंत्राटी माणसांची नावं घालायची आमच्याकडे पद्धत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यांनी अहवाल चाळला. आलेखावर बोट ठेवलं. “ही माजी तिसरी बाटली ना?”

“हो.”

मग परत पहिल्या पानावर येऊन नावं वाचली. सावकाश, चारही. “बरं छापलंय,” म्हणाले आणि झाकणाचं गॅस्केट बदलायला गेले.

ते वारले त्याला आता वर्ष होईल. अहवालात दुरुस्ती करा म्हणून मी तीन अर्ज दिलेत. “आता काय उपयोग?” वरिष्ठ विचारतात. चौथा अर्ज टेबलावर आहे, सोबत त्यांच्या हातच्या सगळ्या चिठ्ठ्या. त्यांचं नाव इथे लिहिणं मला सोपं होतं. पण जिथून गाळलं, तिथेच ते आधी यायला हवं.

काल एक नवीन मुलगी रुजू झाली. मी तळहातावर काडी उभी धरली. काडी पडली. मी ती उचलून पुन्हा उभी केली.