एका 'वाह'चे दोन वाटेकरी

शाळेत प्रार्थनेच्या वेळी आमच्या बाई मला म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. शाळा संपेपर्यंत मी नुसते ओठ हलवले. पुढे लग्न, बजाजनगरातलं दोन खोल्यांचं घर, नवऱ्याच्या शिफ्टा, मुलांच्या परीक्षा. यात गाणं कुठं बसणार? मुलं नोकरीला पुण्याला गेली, जाताना जुना लॅपटॉप मागं ठेवून गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर मी गाणं शिकायला बसले.

सर खुलताबादचे. शिकवणी ऑनलाइन, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की दोघांनीही कॅमेरा बंद ठेवायचा, चेहरा दिसला की कान झोपतो. केवढं थोर वाक्य वाटलं मला! शेजारणीला बोलावून ऐकवलं. पडद्यावर नुसता काळा चौकोन असायचा आणि आतून पेटी वाजायची. पट्टी कायम काळी चार. मला ती उंच पडायची, घसा खरवडून निघायचा. जरा खालून गाऊ का, असं विचारलं तर म्हणाले, घशाला सवय लावा. लावली.

भूप राग सुरू होता. आज बरं जमतंय असं वाटावं आणि नेमकं तेव्हाच सरांनी म्हणावं, धैवत चढलाय, खाली घ्या. मी घ्यायचे. मग आठवडाभर तो खाली घेतलेला धैवत घोटत बसायचे. एकदा नवरा चहा पिता पिता म्हणाला, "मागल्या आठवड्यात ब्येस होतं की. आता लई पडल्यावानी वाटतंय." वरणात मीठ कमी पडलं तर तेवढं सांगा, म्हटलं, सुराचं बघायला सर आहेत. बिचारा कप घेऊन बाहेर गेला.

आणि एका शुक्रवारी मी आलाप संपवला आणि काळ्या चौकोनातून सर म्हणाले, "वाह."

बस, एवढंच. लॅपटॉप मिटला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जाणत्यानं मला गाता येतं म्हटलं होतं. त्याच आठवड्यात कॉलनीच्या कोजागिरीला एकटीनं गायचं म्हणून नाव देऊन आले.

त्याआधी एकदा सरांसमोर बसून गावं, त्यांच्या पाया पडावं, असं फार वाटलं. शिकवणीच्याच मंगळवारी, न सांगताच गेले. दौलताबादच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी चांगली डोळे उघडलेली सीताफळं घेतली. पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. दार उघडंच होतं आणि सर पाठमोरे बसले होते. उजव्या कानात पांढरी वायर, डाव्या कानात काळी, दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडलेल्या. पडद्यावर आमचं ते शिकवणीचं ॲप दोनदा उघडलेलं, शेजारी शेजारी. एका खिडकीत कुण्या मुलीचं नाव होतं. दुसऱ्या खिडकीवर माझं होतं, मी अजून आत आले नव्हते म्हणून ती नुसती थांबून होती. मुलीचा आवाज मला ऐकू येत नव्हता. थोड्या वेळानं सर पेटीवरचा हात थांबवून म्हणाले, "वाह."

तोच आवाज, तोच सूर. मी तशीच आत शिरले.

मला बघून ते ओशाळले असते तरी मी गिळलं असतं. त्यांनी उलट कौतुकानं खुर्ची दिली, मुलीला पाच मिनिटं थांबायला सांगून माईक बंद केला आणि समजावून सांगितलं. ॲप एकदाच उघडतं असं लोकांना वाटतं, पण युक्ती केली की दोनदा उघडतं. एका कानात तुम्ही, एका कानात ती. दोघींचा भूपच, मग दोघींना काळी चारच दिली की एका पेटीत भागतं. मी बोललेलं दोघींना जातं. "चुका काय ताई, सगळ्यांच्या सारख्याच असतात."

सारख्याच? कुणाच्या तरी चढलेल्या धैवतासाठी मी माझा चांगला धैवत महिनोन् महिने खाली ओढत होते. घसा सोलला तोही त्या पोरीच्या पट्टीसाठी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पण मला यातलं काहीच विचारायचं नव्हतं, एकच विचारायचं होतं.

"सर, त्या शुक्रवारी माझा आलाप झाल्यावर तुम्ही वाह म्हणालात. ते मला होतं, का तिला?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. मग म्हणाले, "कोणतं?"

सीताफळं मी परत घेऊन आले. कॉलनीत निरोप धाडला की घसा बसलाय, माझं नाव काढा. नवरा म्हणाला, "म्हण की. म्या ऐकलंय नव्हं रोज." पण त्यानं काय ऐकलं होतं, माझं की तिच्यासाठी बिघडवलेलं, हे आता मलाच सांगता येत नव्हतं. कोजागिरीला सगळ्यांनी मिळून आरती म्हटली, तेव्हा मी नुसते ओठ हलवले.

त्या मुलीचा मला राग येत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी दारात उभी होते, तेव्हा सरांचा दुसरा कान रिकामा होता. तिला मिळालेलं ते 'वाह' तिचं एकटीचं होतं, आणि तिला ते ठाऊकही नाही.