रेघेपर्यंत बिअर, त्यावर फेस

अरविंदकाका गेल्याची बातमी मला इमेलने कळली, आणि त्या इमेलमध्ये एक खोटं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या यादीवर आलेलं ते पत्र मी ऑफिसात, डबा उघडा ठेवून वाचलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका, जागच्या जागी सगळं संपलं... आणि खाली एक ओळ, "अत्यंत साधे, मनमिळाऊ आणि निर्व्यसनी व्यक्तिमत्त्व." ओळखीचं माणूस गेल्यावर आधी रडू यायला हवं. मला आधी संताप आला, आणि मग लाज वाटली. काका बिअर प्यायचे. चोरून नाही, पडदे लावून नाही, सगळ्यांच्या देखत. ज्यांनी तीन वर्षं त्यांना 'जर्मन टाकी' म्हणून चिडवलं, त्याच लोकांनी त्यांना मेल्यावर निर्व्यसनी करून टाकलं होतं. पुढे कळलं की ती ओळ घालायला काकूंनीच सांगितलं होतं. हे कळल्यावर तर लाज आणखी वाढली. स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं सांगावंसं वाटण्याइतकं त्या बाईला आपण काय काय ऐकवलं असेल, याचा विचार आपल्यापैकी कुणी केला?

काका माझ्या बाबांचे शाळेतले मित्र, दोघेही वर्ध्याचे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारू हवी तिथे मिळते. मी कॉलेजात असल्यापासून दारूबंदीची पत्रकं लिहायचे, चौकात वाटायचे, भट्टीसमोर बायकांबरोबर मांडी ठोकून बसायचे. २००४ साली नोकरीच्या व्हिसावर मिनेसोटात आले, तेव्हा अपार्टमेंट मिळेपर्यंत ईडन प्रेरीला काकांच्याच घरी राहिले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी पिठलं-भाकरी वाढली आणि काकांनी आपल्या ताटाशेजारी काचेचा अरुंद, उभट ग्लास ठेवून त्यात बिअर ओतली. मी तिथेच भाषण सुरू केलं. पत्रकातली सगळी वाक्यं मला पाठ होती. काकांनी भाकरी खात खात ती सगळी ऐकून घेतली आणि मग विचारलं, "तुमच्या चौकात लोक पितात कशातून?"

"पिशवीतून. नाहीतर स्टीलच्या पेल्यातून."

"म्हणजे किती गेली ते ना पिणाऱ्याला दिसतं, ना घरच्यांना. हे बघ." त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला. वरच्या काठाखाली काचेवर एक बारीक पांढरी रेघ होती आणि तिच्याशेजारी आकडा. "रेघेपर्यंत बिअर, त्यावर फेस. जर्मनीत कायदाच आहे. फेसाखाली माप लपवलंस तर गिऱ्हाईक ग्लास परत पाठवतो. इथे अमेरिकेत रेघच नाही बघ. सगळा अंदाजपंचे कारभार."

काका अमेरिकेत येण्याआधी बरीच वर्षं जर्मनीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होते, आधी कोलोनला, मग म्युनिकला. त्या देशाबद्दल ते बोलायला लागले की एखादा माणूस सासरच्या गावांबद्दल बोलतो तसे बोलायचे, प्रत्येक गावाची खोड वेगळी. कोलोनची बिअर लवकर बेचव होते म्हणून ग्लास दोनशे मिलीचा, संपेपर्यंत ताजी. म्युनिकला लिटरभराचा मग, तो एका हाताने उचलता आला तर तुम्ही तिथले. म्युनिकवाले कोलोनच्या ग्लासाला प्रयोगशाळेतली परीक्षानळी म्हणतात आणि कोलोनवाले म्हणतात, तिकडे बादलीतून पितात. बर्लिनला आंबट बिअरमध्ये लाल नाहीतर हिरवं सरबत घालून पितात. हे सांगताना काकांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी वरणात जॅम घातला. बांबर्गच्या बिअरला धुराचा वास असतो, आणि ती पहिल्यांदा प्यायल्यावर आईच्या चुलीवरचं वांगं आठवून डोळ्यांत पाणी आलं, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. मी न पिणारी, आजही पीत नाही, पण जेवणानंतर तासभर हे ऐकत बसायचे. काकू मधेच म्हणायच्या, "झालं का तुमचं जर्मनी? ताटं उचला आता." तेव्हा त्या घरात त्या ग्लासाची लाज कुणालाच वाटत नव्हती.

कोलोनची आणखी एक रीत त्यांनी सांगितली होती. तिथे बिअर मागवावी लागत नाही. ग्लास संपला की वेटर न विचारता भरलेला दुसरा ठेवतो, तो संपला की तिसरा. थांबायचं असेल तेव्हा ग्लासाखालचा पुठ्ठ्याचा गोल कोस्टर उचलून ग्लासावर ठेवायचा. झालं. वेटर एक अक्षर बोलत नाही, पुन्हा फिरकत नाही. काका म्हणायचे, एवढी सभ्य खूण मी कुठल्या देशात पाहिली नाही. आणि हीच सभ्य खूण त्यांनी आपल्या लोकांत वापरली, ही त्यांची एकमेव चूक.

पुढच्या वर्षीची कोजागिरी मंडळातल्या एका बड्या घरी होती. वर किचनमध्ये बायका आणि मुलं, मसाला दूध आटतंय, आणि खाली गॅरेजमध्ये पुरुषमंडळी, हातात कागदी कप, कपात कोकच्या रंगाची व्हिस्की. दरवर्षीचंच. मी वरच होते. काका आपली बिअर आणि आपला ग्लास घेऊन गेले होते. ती संपल्यावर त्यांनी ग्लासावर कोस्टर ठेवला. यजमानांनी तो उचलला आणि, "काका, झाकताय काय, माश्या नाहीत इथे," म्हणत ग्लास व्हिस्कीने भरला. आपल्यात 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचारा'. जिलबीच्या वेळी ताटावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी माणसं आपण, पुठ्ठ्याच्या चकतीला काय भीक घालणार? काकांनी पुन्हा झाकला, त्यांनी पुन्हा उघडला, आणि बाकीच्यांना तो खेळच झाला. शेवटी गॅरेजमधून किचनमध्ये येणाऱ्या पायऱ्यांवर काका बसले ते त्यांना उठताच येईना. दुधाचे पेले हातात घेतलेली मुलं हसायला लागली. एका आईने आपल्या मुलाला दंडाला धरून बाजूला ओढलं. काकू शेगडीपाशी उभ्या होत्या, हातातला डाव दुधात तसाच धरून.

गॅरेजमधला भाग मला काकांनी सांगितला नाही. ज्यांनी ओतली त्यांनीच पुढच्या पिकनिकला तो हसत हसत सांगितला, विनोद म्हणून. 'जर्मन टाकी' हे नावही त्यांचंच. मी काकांना विचारलं होतं, भरला तर भरला, ठेवून का नाही दिलात? ते ओशाळं हसले. "पानात टाकायची सवय नाही गं... आईने मारून मारून घालवली."

त्यानंतर घरातून ग्लास गेले. काकांनी काकूंच्या समाधानासाठी घरी पिणं सोडलं, मंडळात येणं कमी केलं. एक गोष्ट मात्र सोडली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ते मिनियापोलिसमधल्या एका जुन्या जर्मन खानावळीत जायचे. तिथे नेहमीच्या मंडळींचं एक ठरलेलं टेबल होतं, बहुतेक सगळे निवृत्त, आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. जाताना बस, येताना बस. परतल्यावर काकू स्टॉपवर गाडी घेऊन उभ्या असायच्या. त्या दोघांमध्ये त्या प्रवासात कधी एक शब्द झाला नाही.

श्रद्धांजली सभा मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. त्या टेबलावरचे तिघे आले होते, काळे सूट घालून, सगळ्यांच्या आधी. त्यांच्यातले वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ अध्यक्षांना म्हणाले, मला दोन मिनिटं बोलायचंय. अध्यक्षांनी सांगितलं, प्रोग्रॅम फुल आहे. (अध्यक्षांचं नाव लिहीत नाही. ते वाचतील आणि ओळखतील.) तिघांना मागच्या रांगेत बसवलं. पुढे दीड तास मराठीत भाषणं झाली आणि त्यातलं अक्षरही न कळता ते ताठ बसून राहिले. प्रत्येक भाषणात तो शब्द होता. निर्व्यसनी. कोजागिरीच्या यजमानांच्या भाषणातही होता. मी खुर्चीतून अर्धी उठले, तेवढ्यात शेजारून काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "रेवती, बस खाली. माझ्यासाठी." मी बसले. चहाच्या वेळी माझ्या मागे दोघी कुजबुजत होत्या, अहो हार्ट कसलं, पीत होते ना. आणि मला वाटलं, या हॉलमध्ये कोट घालून बसलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा ती मागची रांग काकांची जास्त सख्खी आहे.

निघताना वॉल्टरनी मला गाठलं. गुरुवारी अरविंदच्या बायकोला घेऊन ये, म्हणाले, आम्हाला तिला एक गोष्ट विचारायची आहे. काकू आधी नाहीच म्हणाल्या. मग बुधवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "एक खरं सांग. ते तिथे किती प्यायचे? बसने का यायचे गं? गाडी चालवायच्या अवस्थेत नसणार, म्हणूनच ना?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग चल. जे असेल ते एकदा ऐकते."

काकू साडीवर जाड कोट घालून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी पाऊल टाकत होत्या, दारात चप्पल काढायची की काय अशा थबकल्या. कोपऱ्यातलं टेबल उठून उभं राहिलं. काकांची खुर्ची भिंतीला लागून होती, तीच त्यांनी काकूंना दिली. काकूंनी कोटही न काढता सरळ विचारलं, माझा नवरा इथे किती प्यायचा? इंग्रजीत, एकेक शब्द जोडत. वाढणारी बार्बरा म्हणाली, दोन. छोटे. मग ग्लासावर कोस्टर. मग बटाट्याचं सूप, आणि बसची वेळ होईपर्यंत बडबड.

"ओन्ली टू?"

वॉल्टर म्हणाले, त्याला आम्ही वजनमाप इन्स्पेक्टर म्हणायचो. इथले ग्लास त्याला पसंत नव्हते, म्हणून मालकाला जर्मनीहून रेघेचे ग्लास मागवायला लावले. आणि एक छोटा जरी घेतला तरी तो स्टिअरिंगला हात लावायचा नाही, म्हणून बस. या वयात बर्फात बसची वाट बघतो म्हणून आम्ही हसायचो त्याला.

काकू माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागल्या. "दर गुरुवारी मी गाडीत बसून त्यांची चाल बघायचे. बसमधून उतरून गाडीपर्यंत. सरळ चालायचे गं ते, बर्फातसुद्धा सरळ. डोळ्यांनी दिसत होतं... आणि मी लोकांचं ऐकलं. काच खाली करून बसायचे, वास येईल म्हणून." टेबलावरच्यांना शब्द कळले नाहीत. बार्बराने काकूंपुढे सूप आणून ठेवलं.

मग वॉल्टरनी, त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. भिंतीवर लाकडी पट्टीला खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीला एकेकाचा ग्लास किंवा मग, खाली पितळेची चिमुकली पाटी. त्यांच्यातला कुणी गेला की ग्लास घरच्यांना देतात. घरच्यांनी हो म्हटलं तर तो तिथेच राहतो, कायमचा. वॉल्टर म्हणाले, त्या दिवशी तुमच्या लोकांना आम्ही तिथे नको होतो हे आम्हाला समजलं. तेव्हा तुम्हाला इथे त्याचं नाव नको असेल तर तेही समजेल. काकांच्या खुंटीखाली फक्त 'अरविंद' होतं.

काकू उठल्या, पाटीजवळ गेल्या. चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, ग्लास काढून पर्समध्ये घालतील. त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "यांना सांग, नाव पूर्ण लिहा म्हणावं. अरविंद गोविंद देवस्थळे. इथे आपलं कुणी आलं, तर त्यांना कळायला हवं कोणाचा आहे ते."

नवी पाटी मागच्या आठवड्यात लागली. काकूंनीच स्क्रू घट्ट आहेत का ते नखाने तपासलं.