दिवे लागल्यावर कात्री नाही

कापड कापायच्या टेबलापाशी मास्तरांचा सगळा जन्म गेला. काम दिसायला सोपं. पण पट्टे खांद्यावर जुळवायचे की खिशावर, कापड कमी पडतंय तर जोड कुठे लपवायचा, हे दिवसभर ठरवत बसावं लागतं, आणि एकदा कात्री फिरली की संपलं. त्यात गिऱ्हाइकं! परवा एकाने दोन बटणं हातात घेऊन अख्खी सकाळ खाल्ली आणि शेवटी म्हणाला, "मास्तर, तुम्हीच सांगा."

म्हणून दुकानाचा नियम होता. दिवे लागले की कात्री खिळ्याला. संध्याकाळी फक्त खडू, कारण खडू पुसता येतो. ठरवून ठरवून दमलेलं डोकं चुकतं आणि आपण चुकतोय हे त्याला कळतही नाही. मास्तर हे एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापून शिकले होते.

घरी मात्र हे शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. भाजी कोणती करू? काहीही. खिडकी लावू? काहीही. "काहीही संपलंय, दुसरं सांगा," असं बायको म्हणायची आणि दोघं हसायची.

एका संध्याकाळी जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, ती परगावची नोकरी. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. जाऊ का?"

"काहीही कर," मास्तर म्हणाले.

मुलगी ताटावरून उठली.

"गिऱ्हाइकाच्या बटणाला अख्खी सकाळ देता," बायको म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "आणि पोरीला एक शब्द नाही?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तशा दमलेल्या डोक्याने सल्ला द्यायला जाणं म्हणजे आणखी एक बाही डावी कापणं. ते मुलीच्या खोलीच्या दाराशी गेले. "दिवे लागल्यावर बोललो, चुकलं माझं. सकाळी बसू. तोवर कळवू नकोस."

सकाळी दुकान उघडायची वेळ टळली, तरी ते मुलीसमोर बसून होते. काम काय, राहणार कुठे, नाही जमलं तर काय, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं.

"मला करमणार नाही," ते म्हणाले. "पण जा."

"परत सांगा."

"जा म्हटलं ना!"

"ते ऐकलं," मुलगी म्हणाली. "त्याच्या आधीचं."