शर्टांच्या घड्या

खिडकीजवळची खुर्ची अजून रिकामीच होती.

मंडळाची ती पद्धत होती. बैठकीला जो आला नाही त्याची खुर्ची उचलायची नाही, तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवायची नाही. दारू सोडलेली, गोळ्या सोडलेली, सोडायच्या खटपटीत असलेली माणसं आणि त्यांच्या घरची मंडळी संध्याकाळी या खोलीत गोल करून बसायची. खाली औषधांचं गोदाम होतं, त्याचा कडवट वास जिन्यावरून वर यायचा. ड्रायव्हरकाका म्हणायचे, "पूर्वी औषध घेतलं की बरं वाटायचं, आता नुसत्या वासावर भागवतो."

आज काका विनोद करत नव्हते. ते दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले होते.

इस्त्रीमावशी किटलीपाशी उभ्या होत्या. रिकामी खुर्ची त्यांच्या धाकट्या मुलाची होती.

मावशींना हे नाव मंडळातच पडलं. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांची उभी हयात गेली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट; गरम वाफेत सकाळी शिरायचं ते दुपार टळल्यावर बाहेर पडायचं. कोटाची घडी घालावी तर त्यांनीच. बाह्या मागे, दोन्ही कडा आत, खालून वर तीन दुमडी, आणि शेवटी कॉलरवरून तळहात फिरवून एक थाप. ती थाप इतकी अंगवळणी पडली होती की निवृत्तीनंतरही दुकानात कापड बघताना त्या तागा थोपटून ठेवायच्या. दुकानदार हसायचा.

नवरा दारूपायी गेला. तो असेपर्यंत मावशींनी त्याच्या कामावर खोटे निरोप पाठवले, शेजाऱ्यांना तो तापाने फणफणलाय असं सांगितलं, त्याला उचलून घरी आणलं. मग धाकटाही त्याच वाटेला लागला. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम. हात थरथरायला लागले आणि काचांच्या कडा उडायला लागल्या, तेव्हा मालकाने त्याला घरी बसवलं. त्या वेळी कुणीतरी मावशींना या खोलीचा पत्ता दिला. धाकट्याच्या आधी त्या स्वतः आल्या, महिनोन्‌महिने एकट्याच येत राहिल्या. मग एकदा तो आला, दाराशीच बसला, आणि पुढे येत राहिला. गेल्या हिवाळ्यापासून तो थेंबालाही शिवला नव्हता. दुकानाने परत घेतलं होतं. त्याने वेगळी खोली केली होती. "आई, मला माझं कुलूप लावू दे," एवढंच तो म्हणाला होता. अडीअडचणीला असावी म्हणून दुसरी चावी मात्र आईकडे दिली होती.

आता घरच्या मंडळींचा गट मावशीच चालवत. नव्या आयांना त्या दोन गोष्टी बजावून सांगत. एक, झडती घ्यायची नाही. दुसरी, आपलं माणूस आलं नाही तर त्याच्या दारात आपण जायचं नाही. मंडळातले दोघे जातील. एकटा कधीच नाही आणि रक्ताचं तर मुळीच नाही. आईला बघून माणूस एक तर खोटं बोलतो, नाहीतर तिच्या गळ्यात पडून रडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पितो. हे मावशींचेच शब्द.

"चल रे," ड्रायव्हरकाका वेल्डरला म्हणाले. वेल्डरने चप्पल चढवली.

"मीही येते," मावशी पुढे झाल्या.

काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"कळतंय मला," मावशी म्हणाल्या. "पण आज दुकानातही गेला नाही तो. मालकाचा फोन आला होता. एवढ्या महिन्यांत कधी असं झालं नाही हो!"

"म्हणून तर तुम्ही नाही यायचं. नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग किटली सांभाळा. आणि फोन करू नका, दाराशी पोचलो की आम्ही बंद करतो."

दोघे उतरून गेले. वेल्डर एका पायाने लंगडायचा. त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली. मावशींनी टेबलावरचं पुसायचं फडकं उचललं, नुसतं हाताला काहीतरी हवं म्हणून.

गोलात एक नवी बाई बसली होती. तिची मुलगी गोळ्यांच्या नादी लागलेली. दुसऱ्यांदाच आलेली ही आई आज पहिल्यांदा तोंड उघडत होती.

"मावशी, एक विचारू? रागावू नका. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, पोरांच्या वस्तू उचकायच्या नाहीत. पण मी काल तिच्या पर्समध्ये बघितलं. काहीच नव्हतं. तिलाही कळलं नाही. जीवाला बरं वाटलं. मग बिघडलं काय?"

मावशी उत्तर द्यायला वळल्या आणि त्यांची नजर स्वतःच्या हातांवर गेली. ओलं फडकं टेबलावर होतं. कडा आत, तीन दुमडी, वरून थाप. कधी घातली ही घडी?

त्यांनी फडक्यावरून हात काढून घेतला.

काल दुपारी धाकटा कामावर असताना त्या त्याच्या खोलीवर गेल्या होत्या. अडचण कसलीच नव्हती. रविवारी जेवायला आला तेव्हा तो गप्प गप्प होता, एवढंच. दुसऱ्या चावीने कुलूप उघडलं. गादीखाली बघितलं, मोरीतली बादली हलवून बघितली, पेले हुंगले. शेवटी कपाट. शर्ट नुसते कोंबलेले होते, ते सगळे बाहेर काढून कपाटाच्या तळापर्यंत हात घातला. काही नव्हतं. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग शर्ट जसे होते तसे परत ठेवले.

जसे होते तसे? हा हात आणि कोंबलेले शर्ट परत कोंबून ठेवणार?

संध्याकाळी दमून आलेल्या पोराने कपाट उघडलं असेल, आणि समोर इस्पितळाच्या कोटांसारखी शर्टांची चळत. त्याला विचारायचीसुद्धा गरज पडली नसेल.

"मावशी?" नवी आई म्हणाली. "चुकलं का माझं काही?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. एक शब्द टाकला असता तरी चाललं असतं. "विश्वास ठेवायला शिका," असं काहीतरी. ते त्यांनी किती जणींना सांगितलं होतं. काका आणि वेल्डर तिकडे समजून चालले होते की पोरगा आपला आपण घसरला. तो दार उघडणार नाही, ते त्याला पिण्याबद्दल विचारणार, आणि तो एकटा तिथे...

"कुणाकडे काकांचा नंबर आहे? लावा पटकन," त्या म्हणाल्या.

कुणीतरी लावला. बंद होता.

मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "बाई, तू पर्स उघडलीस. मी काल त्याचं कुलूप उघडलं."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शिंप्याने चष्मा काढला.

"गादी उलटली. पेले हुंगले. मिळालं काहीच नाही आणि मी खुशीत घरी गेले. तुम्हा सगळ्यांना शहाणपण शिकवते आणि स्वतः चोरासारखी... आणि चोरीसुद्धा धड जमली नाही. जाताना त्याच्या शर्टांच्या घड्या घालून आले."

एकजण फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. मावशींनाही हसू आलं असतं, पण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"त्याला कळलं असेल?" नव्या आईने विचारलं.

"ती घडी अख्ख्या गावात एकच बाई घालते."

मग वाट बघणं. पंखा फिरत होता. खाली गोदामाचं शटर ओढल्याचा आवाज झाला. नव्या आईने मावशींचा हात धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. मावशी जिन्याकडे कान लावून होत्या.

पावलं आली. आधी काकांची जड. मग लंगडी. लंगड्या पावलांच्या मागे, एकेक पायरी थांबत, तिसरी.

धाकटा दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मावशींच्या नाकपुड्या आपोआप फुगल्या, वास घ्यायला. त्याने ते बघितलं.

"घे हुंगून," तो म्हणाला. "पेले हुंगून झालेच असतील."

"बस आधी," काका म्हणाले.

तो बसला नाही. "काल रात्री बाटली आणली," तो गोलाकडे बघत बोलला, आईकडे नाही. "म्हटलं, संशय घ्यायचाच आहे ना, मग संशयाला कारण तरी असू दे. टेबलावर ठेवली. आज दिवसभर तिच्यासमोर बसलो होतो. सील तोडलं नाही. हे आले नसते तर तोडलं असतं. अगदी हात लावला होता."

"मोरीत ओतली," वेल्डर म्हणाला. "काकांनी ओतली, मी काकांवर नजर ठेवून होतो."

दोघांनी जायचं ते यासाठीही. एकाने ओतायची, दुसऱ्याने ओतणाऱ्याकडे बघायचं. काकांनी कपाळाचा घाम पुसला.

"मी सांगितलंय यांना," मावशी म्हणाल्या. "सगळं. तुम्ही यायच्या आधी."

धाकट्याने पहिल्यांदा आईकडे बघितलं. मग काकांकडे. मावशींनी कबुली दिली हे काकांनाही नवीन होतं. त्यांनी गोलाकडे बघितलं, आणि शिंप्याने मान हलवली.

"चावी," धाकटा म्हणाला.

मावशींनी कमरेची पिशवी उघडली. चावी सापडायला वेळ लागला. तिला लाल दोरा बांधलेला होता, हरवू नये म्हणून. त्यांनी ती दोऱ्यासकट त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने चावी खिशात टाकली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. आईपासून सगळ्यात लांबची खुर्ची होती ती.

काकांनी किटलीतला चहा कपांत ओतला. निवला होता, तरी सगळ्यांनी घेतला.

"शर्ट मी सगळे परत विस्कटून ठेवलेत," धाकटा कपात बघत म्हणाला.

"बरं केलंस," मावशी म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून बसल्या.