दोन प्रेसमधला माणूस

पंख्याची पाती बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे ‘दोनहात्या’ म्हणत. हात सगळ्यांनाच दोन, पण याचे दोन प्रेसवर चालायचे. एक मशीन त्याचं, पाठीमागचं दाजींचं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला त्यानंच शब्द टाकून इथं चिकटवलं होतं. दाजींची कंबर धरली तेव्हापासून ते खोक्यावर बसून राहत आणि हा मधे उभा राहून दोन्ही मशीनं ओढी.

“साला असा असल्यावर दाजीनं घाम कशाला गाळायचा?” दाजी म्हणत.

“ताईकडे बघून करतो. तुमच्या तोंडाकडे बघून नाही.”

अख्खं खातं हसे.

मग मालक बदलले. नोटीस बोर्डावर ‘फेररचना’ हा शब्द लागला आणि एक नवा साहेब खात्याखात्यांतून हिंडू लागला. तो आला तेव्हा दाजी नेमके संडासात. एक मशीन थांबवून ‘डाय बिघडलीय’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण साहेब बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत या हातांकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. दोनहात्याच्या अंगात संचारलं. पत्रा सारला, पाय मारला, वळला. पुन्हा पत्रा, पुन्हा पाय. पाती खणखणत पडत राहिली.

“एकटेच?”

“सवय आहे साहेब.”

साहेबानं पाठ थोपटली. त्या संध्याकाळी दोनहात्या शीळ घालत घरी गेला.

महिनाअखेरीला प्रेसवरच्या प्रत्येक जोडीतला एक माणूस कमी झाला. या जोडीतले दाजी.

दाजी चिडले असते तर बरं झालं असतं. “साहेब तुझं ऐकतील, जरा बोलून बघ,” एवढंच म्हणाले आणि केबिनपर्यंत सोबत येऊन बाहेर थांबले.

“साहेब, रोज दोन मशीनं एकट्याला नाही झेपायची,” आत जाऊन तो म्हणाला. “त्या दिवशी आपलं...”

“हरकत नाही. तुम्हाला झेपत नसेल तर तुमच्या दाजींना ठेवू. माणूस मात्र एकच.”

दाजींची कंबर त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्यांना कसं निभणार? या विचाराचा आपल्याला केवढा आधार वाटतोय, हे त्याचं त्यालाच कळलं.

“नको. मीच ओढतो.”

बाहेर दाजी भिंतीला टेकून उभे होते.

“काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

“असू दे. तुझ्या ताईला सांगतो, भाऊ माझ्यासाठी भांडला,” दाजी म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.