साऱ्या वॉर्डाची मावशी

आमच्या पंचक्रोशीत खालांना न कळवता आजारी पडण्याची कुणाची छाती नव्हती. खाला, म्हणजे मावशी, या आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे, मोहल्ल्यातल्या पहिल्याच घरात राहणाऱ्या शेजारीण. कुणाला अलिबागच्या इस्पितळात हलवायचं ठरलं, की घरच्यांची बांधाबांध होण्याआधी खाला आपली पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर हजर. पिशवीत चादर, तांब्या, तसबीची माळ आणि लिंबाचं लोणचं. लोणचं पेशंटच्या तोंडाला चव यावी म्हणून. डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल, तर लोणचं त्या स्वतः खात आणि पेशंटला नुसता वास देत.

रक्ताचं नातं त्यांच्या हिशेबी किरकोळ गोष्ट होती. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरनं त्यांना सकाळी एका कोळणीच्या उशाशी पाहिलं, दुपारी मोहल्ल्यातल्या बाळंतिणीजवळ आणि संध्याकाळी आमच्या भटजींना पेज भरवताना. तिन्ही वेळा त्यानं विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" तिन्ही वेळा उत्तर आलं, "मावशी." तो हसून म्हणाला, "तुमचं खानदान बरंच मोठं दिसतंय." खाला गंभीरपणे म्हणाल्या, "व्हय तर. आदमपासनं चालू हाय."

एवढा जीव का पाखडता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "नमाज माझी नि अल्लाची गोष्ट हाय, बाय. पन आजाऱ्याला बघनं हा शेजाऱ्याचा हक हाय. त्याचा हक बुडवून मी वर काय तोंड दाखवू?"

तो हक आमच्याही वाट्याला आला. आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. रमजान चालू होता, तरी खाला आल्याच. आमची आई कडक सोवळ्याची. जन्मभर शेजार होता, पण त्यांच्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नव्हतं. ऑपरेशननंतर तिनं हायच खाल्ली. डॉक्टर म्हणत, उभं राहा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळाल. आई भिंतीकडे तोंड करून म्हणे, "आता माझं झालं." खालांनी तीन दिवस रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं. आई हलली नाही.

चौथ्या दिवशी सूर्य मावळताना शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला एकाएकी उलट्या सुरू झाल्या. खालांनी एका हातानं तिला सावरलं आणि दुसऱ्या हातानं भांडं धरलं. मी नर्सला बोलावून परतले, तेवढ्यात खालांच्या मोबाइलवर अजान झाली. रोजा सोडायची वेळ झाली होती, पण त्यांचे दोन्ही हात अडकलेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईनं वॉकर ओढला, दात आवळून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि टेबलावरचा खजूर उचलून खालांच्या तोंडात घातला. "दिवसभर पाण्याचा थेंब नाही बाईच्या पोटात," असं माझ्यावरच खेकसली.

खालांच्या डोळ्यांना धार लागली. खजूर गिळून होताच मात्र त्या म्हणाल्या, "उद्यापासनं दारापोत चालायचं. बहाना न्हाय चालनार." आईनं त्यांच्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायली.

गेल्या वर्षी गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा मुलगी त्यांना नवी मुंबईला आपल्या घरी घेऊन गेली. एकोणिसावा मजला, लिफ्ट, सगळी सोय. परवा मी फोन केला. "करमतं का, खाला?"

"सगला हाय गो. पोरगी जपते, जावई जपतो. पन मजल्यावर आठ दरवाजे नि आठी बंद. कोन आजारी हाय, त्याच कलत न्हाय."

मग मी गावातली दुखणी सांगत बसले: कुणाचा पाय मुरगळला, कुणाला मलेरिया झाला, कोण बाळंतपणाला माहेरी आली. प्रत्येक नावाला त्या पलीकडून "अल्ला शिफा देवो" म्हणत होत्या. नावं संपली, तरी त्यांना फोन ठेववेना आणि मलाही. शेवटी मी माझा, कधीच बरा झालेला खोकलाही त्यांना सांगून टाकला.